मांगासाठी ई-रीडर घेताय? आधी पानाची उंची मोजा
पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची काही कमी नाही. जपानीच्या परीक्षेतल्या पहिल्या पायऱ्या, एन-फाइव्ह झाली, एन-फोर झाली की बहुतेकांना मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, मूळ जपानीतून वाचायची हौस येते आणि मग प्रश्न येतोच, सहा इंची ई-रीडर चालेल का? माझं स्पष्ट मत, कादंबरीसाठी खुशाल घ्या, मांगासाठी नको.

कादंबरीत अक्षर बारीक वाटलं तर फॉन्ट वाढवता येतो. मांगाचं पान म्हणजे अख्खं एक चित्र असतं, फुग्यातले शब्दपण त्या चित्रातच आले, त्यामुळे पान आकसलं की अक्षरंही तेवढीच आकसतात. झूम करता येतं, पण प्रत्येक चौकटीला झूम करत बसलं तर पानाची मांडणी डोळ्यात भरत नाही आणि ई-इंक स्क्रीन सावकाश बदलतो, त्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे बारीक कण खरोखर वरखाली सरकत असतात.

आता आकडे बघू. दुकानात सांगतात तो इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजलेला असतो, आपल्याला हवी असते उंची. शोनेन, म्हणजे किशोर मुलांसाठीच्या मांगाचं जपानी पुस्तक साधारण ११.२ बाय १७.४ सेंमी असतं आणि सहा इंची स्क्रीन असतो ९.१ बाय १२.२ सेंमीच्या आसपास. म्हणजे पान उंच नि अरुंद, स्क्रीन त्यामानाने बुटका, मग पान उंचीतच अडतं, दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या राहतात आणि चित्र ७० टक्क्यांवर येतं. क्षेत्रफळ धरलं तर निम्मंच उरलं! सात इंचीवर ८२ टक्के, ७.८ इंचीवर ९१ टक्के.

"पण ३०० पीपीआय आहे ना", म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल (स्क्रीनचे ठिपके), असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. चांगल्या नजरेचा डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक ओळखतो, ३० सेंमीवरून ते भरतं ०.०८७ मिमी, आणि ३०० पीपीआयचा एक पिक्सेल असतो ०.०८५ मिमी. म्हणजे पिक्सेल वेगवेगळे दिसत नाहीत, रेघ गुळगुळीत दिसते. पण रेघ गुळगुळीत असली म्हणून बारीक अक्षर मोठं होत नाही.

हे सगळ्यात जास्त कळतं फुरिगानात, म्हणजे कांजीच्या (चिनीतून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांच्या) बाजूला उच्चारासाठी छापलेल्या 'काना' लिपीतल्या बारीक अक्षरांत. नवशिक्याचा सगळा आधार तोच. समजा कागदावर ते अक्षर १.२ मिमीचं आहे, सहा इंचीवर ते ०.८४ मिमी होतं, म्हणजे जेमतेम १० पिक्सेल. आता 'हा' या अक्षराच्या डोक्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की 'बा' होतो आणि छोटं गोल दिलं की 'पा', आणि त्या रेघांना किंवा गोलाला वाट्याला येतात दोन-तीन पिक्सेल. दोन्हीकडे तोच करडा ठिपका दिसतो, मग डिक्शनरीत शोधायचं तरी काय? ७.८ इंचीवर त्याच अक्षराला १३ पिक्सेल मिळतात, फरक लगेच जाणवतो. चाळिशी लागली असेल तर अजूनच.

दुसरी अडचण टोनची. मांगातली करडी सावली म्हणजे खरं तर काळ्या ठिपक्यांच्या शिस्तीत लावलेल्या रांगा, आणि पिक्सेलही रांगेतच बसलेले, त्यामुळे पान लहान करताना दोन्हींचं जुळलं नाही की दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यावर दिसतात तशा लाटा उमटतात. त्याला मोआरे म्हणतात. स्क्रीन मोठा आणि मूळ फाइल चांगली असली की हे बरंच कमी होतं.

जोडपानावरच्या मोठ्या चित्रांचा शौक असेल तर मात्र १०.३ इंची. आडवा धरला की दोन पानं शेजारी शेजारी साधारण ९० टक्क्यांवर बसतात, म्हणजे ७.८ वर एक पान दिसतं तेवढीच. फक्त जुन्या १०.३ इंचींमध्ये पिक्सेल ७.८ इतकेच असायचे, १८७२ बाय १४०४, म्हणून २२७ पीपीआय, नव्यांमध्ये ३०० मिळतो. वजनही चारशे ग्रॅमच्या आसपास जातं, वनाज ते रामवाडी मेट्रोत उभ्याने एका हातात धरून बघा, मनगट बोलायला लागतं. कलर स्क्रीनच्या मागे लागू नका, मांगा बहुतेक काळा-पांढराच असतो आणि कलरच्या फिल्टरने पांढरा भाग थोडा काळपट होतो.

बहुतेकांना मी ७.८ सांगेन, बजेट नसेल तर सात. तरी घेण्याआधी एक करा, तुमच्याकडचं एखादं जपानी पुस्तक घेऊन अप्पा बळवंत चौकात कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे जा आणि फुरिगाना भरपूर असलेलं एक पान ७० टक्के, ८२ टक्के आणि ९१ टक्के असं तीनदा काढून घ्या. इंग्लिश मांगाचं पुस्तक थोडं मोठं असतं, १२.७ बाय १९ सेंमीच्या आसपास, त्याला ६४, ७५ आणि ८३ टक्के सांगा. तिन्ही कागद रात्री घरच्या दिव्याखाली वाचायचे, भर उन्हात नाही.