लॅपटॉप ९५ डिग्रीला गेला म्हणजे जळाला का?

उन्हाळा आला की हा प्रश्न येतोच. गेम चालू आहे किंवा व्हिडिओ रेंडरला लावलाय, एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघितलं तर प्रोसेसर ९५, आता काय करू? आणि कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, ८० च्या वर जाऊ देऊ नको, चिप वितळते. सिलिकॉन १४१४ डिग्रीला वितळतं, त्यामुळे ती भीती आधी डोक्यातून काढा.

कमाल तापमान कंपनीनेच ठरवून दिलेलं असतं. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपमध्ये ते १०० च्या आसपास आहे, एएमडीच्या रायझनमध्ये मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५. चिपच्या आतच सेन्सर असतात, मर्यादा जवळ आली की चिप स्वतःच क्लॉक (म्हणजे कामाचा वेग) आणि व्होल्टेज खाली आणते (हेच ते थ्रॉटलिंग), आणि त्यालाही न जुमानता तापमान वाढत गेलं तर मशीन सरळ बंद पडतं. पूर्वी असं नव्हतं. २००१ च्या सुमाराच्या एएमडीच्या ॲथलॉन चिपचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) चालू मशीनवरून काढला तर चिप काही सेकंदात खरंच जळायची, त्याच वेळचा इंटेलचा पेंटियम ४ मात्र हळू होऊन जीव वाचवायचा. तासन्‌तास चालणाऱ्या कामात ८५-९० वर स्थिरावलेला लॅपटॉप बिघडलेला नाही. काहीच चालू नसताना ८५ दिसत असेल तर मात्र उघडून बघा, धूळ साचली असेल, फॅन अडकला असेल, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल.

आता ही उष्णता बाहेर जाते कशी ते सांगतो, कारण त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट कोणी बघतच नाही. चिपपासून फॅनपर्यंत तांब्याची चपटी नळी जाते ना, तिला हीट पाइप म्हणतात आणि ती भरीव नसते. समजा ६ मिलिमीटर जाडीची भरीव तांब्याची सळई घेतली आणि तिच्यातून ४५ वॅट १५ सेंटीमीटर लांब न्यायचे ठरवले, तर गणित केल्यावर दोन टोकांत जवळजवळ ६०० डिग्रीचा फरक लागतो, म्हणजे जमणारच नाही. हीट पाइप हेच काम काही थोड्या डिग्रीच्या फरकात करतो. आतली हवा काढून टाकलेली असते, थोडंसं पाणी असतं आणि भिंतीला तांब्याच्या पावडरचा सच्छिद्र थर. प्रेशर कुकरच्या उलटा प्रकार, दाब कमी म्हणून पाणी ४० डिग्रीलाही उकळतं, खरं तर आत फक्त पाणी आणि त्याचीच वाफ असल्यामुळे दाब तापमानाबरोबर आपोआप जुळत राहतो आणि पाणी कायम उकळण्याच्या काठावर असतं. चिपच्या टोकाला वाफ होते, फॅनच्या टोकाला तिचं पाणी होतं, आणि ते पाणी त्या सच्छिद्र थरातून केशाकर्षणाने परत येतं, ना पंप ना मोटर. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० ज्यूल लागतात, म्हणजे ४५ वॅट वाहून न्यायला सेकंदाला २० मिलिग्रॅमसुद्धा पाणी लागत नाही, अर्धा थेंबही नाही! १९६३ मध्ये अमेरिकेत लॉस अलामोसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी अवकाशयानांच्या वीजनिर्मितीसाठी हा प्रकार पुढे आणला, आणि आज तो आपल्या मांडीवर आहे.

पण शेवटी उष्णता जायची खोलीतल्या हवेतच. किती जाईल हे चिप आणि हवा यांच्या तापमानाच्या फरकावर ठरतं. एसीत २५ असेल तर १०० पर्यंत ७५ डिग्रीची जागा आहे, अकोल्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४५ असेल तर ५५ च. जो लॅपटॉप एसीत ४५ वॅट फेकू शकतो तोच तिथे ३३ वर अडकतो. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ डिग्रीच लिहिलेली असते. म्हणून स्क्रीनवरचा ९५ बघून घाबरण्यापेक्षा त्याच्या शेजारचे वॅट आणि गिगाहर्ट्झ बघा, दोन्ही खोलीत ९५ च दिसेल पण काम वेगळं होत असेल.

उष्णता खेचून घेणारे स्टिकर विकणारे आहेत, ते घेऊ नका. उष्णता खेचली तर ती सोडायची कुठे, याचं उत्तर त्या पाकिटावर नसतं. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाईलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप दाखवली होती, तेव्हा शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता, तसाच पुरावा या स्टिकरवाल्यांकडेही मागायला हवा. आणि लॅपटॉप फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

खरा उपाय व्होल्टेजमध्ये आहे. चिपची वीज क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि क्लॉक वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे टर्बोतले (चिप नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळवायची सोय) शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं की बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो, तापमान एकदम उतरतं, रेंडरला वेळ थोडा जास्त लागतो. बॅटरीला मात्र याचा मोठा फायदा, कारण लिथियम बॅटरी चिपसारखी ९५ सोसत नाही, तिला ४५ च्या पुढची उष्णतासुद्धा लवकर म्हातारी करते, आणि पातळ लॅपटॉपमध्ये ती चिपपासून काही सेंटीमीटरवरच असते.