स्कायडायव्हिंग येतं म्हणजे बेस जंप येतं असं नाही, दोन्हीच्या तयारीतला फरक नीट समजून घ्या

आपल्या कोल्हापुरात विमानातनं उडी काय, कड्यावरनं उडी काय आणि पुलावरनं उडी काय, सगळ्याला सरसकट 'ते पॅराशूटवालं' म्हणतात, आणि त्यात कुणाचा दोष नाही कारण रीलमध्ये सगळं सेमच दिसतं, माणूस उडी मारतो, पाठीवरनं रंगीत छत्री उघडते, खाली उतरतो आणि ओरडतो. पण हल्ली मला पोरांचे जे मेसेज येतात ते वाचून खरंच काळजी वाटायला लागलीय. "ताई, दुबईत टँडम केलंय, आता अमेरिकेतल्या ब्रिज डेला नाव द्यायचंय, किती महिने लागतील?" असे. ब्रिज डे म्हणजे तिथं वर्षातनं एक दिवस पुलावरनं बेस जंप मारायचा इव्हेंट. टँडम म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात बांधून घेऊन मारलेली उडी, त्यात छत्री उघडायचं काम तो करतो, उतरवायचं पण तोच. अनुभव भारी असतो, नाही म्हणत नाही, पण त्यातनं बेसची तयारी सुरूसुद्धा होत नाही.

बंजी आणि पॅराग्लायडिंग आधी बाजूला ठेवू. बंजीत दोरी असते, पॅराग्लायडिंगमध्ये पंख आधीच उघडलेला असतो आणि उतारावरनं पळत हवेत जायचं असतं, त्यामुळं ही दोन खरं तर गोंधळायचं कारण नाही. खरा गोंधळ स्कायडायव्हिंग आणि बेसमध्ये आहे. स्कायडायव्हिंग म्हणजे उडत्या विमानातनं, बहुतेक वेळा १०,००० ते १३,००० फुटांवरनं. बेस म्हणजे जमिनीला चिकटलेल्या वस्तूवरनं: बिल्डिंग, अँटेना, स्पॅन म्हणजे पूल आणि अर्थ म्हणजे कडा, या चार शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरनं ते नाव पडलंय. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, ती स्कायडाइव होती. अर्चना सरदाना यांचं नाव भारतातली पहिली महिला बेस जंपर म्हणून घेतात आणि त्यांनी स्कायडायव्हिंगही केलंय. म्हणजे एकच माणूस दोन्ही करू शकतो, पण एकाची तयारी दुसऱ्याला पुरत नाही.

का पुरत नाही ते आकड्यात बघा, म्हणजे लगेच डोक्यात बसंल. ब्रिज डे ज्या पुलावर होतो तो वेस्ट व्हर्जिनियातला न्यू रिव्हर गॉर्ज ब्रिज, नदीपासनं ८७६ फूट उंच. पोटावर झोपलेला स्कायडायव्हर फुल स्पीडला ताशी साधारण १९० किलोमीटरनं पडत असतो, म्हणजे हा अख्खा पूल त्याला पाच सेकंदांचा. त्याची छत्री मुद्दाम हळू उघडंल अशी बनवलेली असते आणि तिला उघडायलाच सहाशे-आठशे फूट सहज लागतात. आणि स्कायडायव्हरच्या पाठीवर एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, माणूस बेशुद्ध पडला किंवा हँडल ओढायचंच राहिलं तर रिझर्व्ह छत्री आपोआप उघडणारं, ते नेहमीच्या सेटिंगला साधारण ७५० फुटांवर चालू होतं. म्हणजे विमानातनं पडणाऱ्या माणसाचा सगळ्यात शेवटचा, अगदी आणीबाणीचा उपाय जिथं सुरू होतो, त्याच्या फक्त सव्वाशे फूट वर उभं राहून ब्रिज डेचा माणूस उडी मारतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा दोन्हीकडं बघायची माझी नजरच बदलली.

म्हणून सामानच वेगळं. स्कायडायव्हिंगच्या रिगमध्ये, म्हणजे पाठीवर बांधायच्या पॅराशूटच्या सामानात, दोन छत्र्या, मेन आणि रिझर्व्ह. मेन नीट उघडली नाही तर ती कापून टाकायची आणि रिझर्व्ह ओढायची, हे ट्रेनिंगमध्ये इतकं घोटून घेतात की हात आपोआप हँडलवर जातात. बेसच्या रिगमध्ये साधारणपणे छत्री एकच. रिझर्व्ह नाही, ते यंत्र पण नाही, कारण तेवढी उंचीच नसते, दुसरी छत्री उघडायला वेळ कुठनं आणायचा? मग जी एक आहे ती लवकर आणि सरळ उघडली पाहिजे, म्हणून तिचा सगळा हिशोब निराळा. छत्री मोठी, बहुतेक सात खान्यांची, म्हणजे हवा भरणाऱ्या सात कापडी कप्प्यांची. हवेत फेकायची ती छोटी पायलट शूट, जी मोठीला ओढून बाहेर काढते, ती पण मोठी. स्कायडायव्हिंगमध्ये तिचा व्यास पंचवीस-तीस इंचांच्या घरात असतो आणि बेसमध्ये ३२ पासनं ४८ इंचापर्यंत, उडी जितकी छोटी तितकी मोठी लावायची, कारण वेग कमी असला की छोटीला हवाच पकडता येत नाही.

पॅकिंगबद्दल जरा जास्त लिहिते कारण खरी तयारी तिथंच दिसते. माझी एक मैत्रीण बेस करते, ती दिवाळीत कोल्हापूरला आली होती तेव्हा आम्ही ओळखीच्या मंगल कार्यालयाचा हॉल मोकळा होता तो मागून घेतला आणि तिनं फरशीवर चटई टाकून अख्खी छत्री भरून दाखवली. स्कायडायव्हिंगची छत्री सराव झालेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत भरतो, आधी एका पिशवीत कोंबतो आणि मग पिशवी रिगमध्ये. बेसमध्ये बहुतेक पिशवीच नसते. तिनं एकेक खाना वेगळा करून, दोन्ही बाजू सारख्या करत, चिमटे लावत लावत घड्या घातल्या, दोऱ्या शेपटाकडच्या खिशात भरल्या, मधल्या कंट्रोलच्या दोऱ्यांना एक छोटा रबर बँड लावला, त्याला टेलगेट म्हणतात, आणि मग पायलट शूटची पट्टी कुठनं कशी जाते ते बोटानं शेवटपर्यंत चाचपत गेली. मध्ये कुणीतरी चहा घेऊन आलं तर ती उठलीच नाही, म्हणाली हात सुटला तर परत पहिल्यापासनं. पाऊण तास गेला. आणि हे सगळं कशासाठी, तर छत्री उघडल्यावर तोंड पुढं पाहिजे. विमानातनं उडी मारली आणि छत्री उलट्या दिशेला उघडली तर काय विषय नाही, मोकळं आकाश असतं, वळवून घ्यायची. कड्यावरनं मारली आणि उलटी उघडली तर समोर कडा. बेसमधले लै अपघात छत्री उघडून झाल्यावर त्याच वस्तूवर आदळून होतात. नव्या माणसाला पहिल्यांदा पुलावर नेतात ते याच्यासाठीच, पुलाच्या पाठीमागं भिंत नसते, छत्री उलटी उघडली तर कमानीखालनं निघून जाता येतं.

अजून एक कापडाचा चौकोनी तुकडा असतो, स्लायडर, तो दोऱ्यांवरनं हळूहळू खाली सरकतो आणि छत्री एकदम फाडकन उघडू देत नाही. स्कायडायव्हिंगमध्ये तो कायम लागतो, नाहीतर त्या वेगाला अंग मोडंल. बेसमध्ये किती सेकंद पडणार त्याप्रमाणं ठरवायचं, साधारण तीन सेकंदांच्या आतल्या उडीला तो काढतात किंवा खाली बांधून टाकतात. म्हणजे उद्या किती सेकंदांची उडी मारणार हे आज पॅकिंग करतानाच पक्कं पाहिजे. वर जाऊन, गर्दी बघून, जोश आला म्हणून एक सेकंद वाढवतो असं इथं चालत नाही. पहिल्या सेकंदात १६ फूट, दोन सेकंदात ६४, तीन सेकंदात १४४, चार सेकंदात अडीचशेच्या आसपास. एकेक सेकंद किती महागात जातो बघा.

आता उडी मारायची पद्धत. विमान ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जात असतं, दारातनं बाहेर पडल्या पडल्या वारा अंगाला लागतो, हातपाय हलवून शरीर सरळ करता येतं. पुलावर वेग शून्य. पहिले दोन-तीन सेकंद अंगाला वाराच नसतो, पाय सोडताना जो झोल गेला तो तसाच फिरत राहतो, हात पसरून काही उपयोग नाही. म्हणून बेसवाले छाती वर, नजर समोर क्षितिजावर, यावर एवढा जोर देतात, खाली बघत सुटलं की डोकं खाली जातं. मातीतला पैलवान पहिल्यांदा मॅटवर उतरतो तेव्हा ताकद तीच असते, डाव पण येत असतात, तरी पाय कुठं रोवायचा ही सवयच बदलावी लागते, ते खासबागेच्या गावात मी वेगळं सांगायला नको, तसंच आहे हे.

मग स्कायडायव्हिंग कशाला करायचं असं कुणी विचारंल, तर त्याशिवाय जमतच नाही. छत्री हातात आल्यावर ती चालवायची कशी, वाऱ्यात किती पुढं जाईल, छोट्या जागेत ठरवून कसं उतरायचं, हे सगळं विमानातनं उड्या मारूनच शिकता येतं, कारण तिथं चूक पचते. बेस शिकवणारे बरेच जण आधी किमान २०० स्कायडाइव मागतात, त्यात छत्री चालवायचा आणि ठरलेल्या जागी उतरायचा सराव बघतात, मग पहिल्या उडीचा वेगळा कोर्स. त्या कोर्ससाठी जगभरातनं लोक आयडाहोतल्या ट्विन फॉल्सला जातात, तिथला पेरीन ब्रिज ४८६ फुटांचा आहे आणि परवान्याशिवाय वर्षभर उडी मारता येते. सुरुवातीच्या उड्यांत बऱ्याचदा इन्स्ट्रक्टर मागं उभा राहून पायलट शूट स्वतःच्या हातात धरतो, तुम्ही सुटलात की ती ताणली जाते आणि छत्री लगेच बाहेर येते.

इव्हेंटचं काय? इथं दुसरा मोठा गैरसमज, की ऑर्गनाइज्ड आहे म्हणजे सेफ आहे. ब्रिज डे १९८० पासनं होतोय, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, त्या दिवशी पूल गाड्यांना बंद करतात आणि त्या दिवशी तिथनं उडी मारणं कायदेशीर असतं. आयोजक परवानगी बघतात, रजिस्ट्रेशन, सामान तपासणी, नंबरानं सोडणं, खाली नदीत बचाव बोटी, अॅम्ब्युलन्स, हे सगळं त्यांचं. पण छत्री भरलेली तुमची, सेकंद मोजणार तुम्ही, आणि वारा बघून मागं फिरायचं का ते पण तुमच्याच हातात. ब्रायन शुबर्ट यांचं उदाहरण मी प्रत्येकाला सांगते. १९६६ ला मायकेल पेल्कींबरोबर योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावरनं पॅराशूट घेऊन उडी मारणारे हे पहिले दोघं, म्हणजे या खेळाची सुरुवातच ज्यांच्यापासनं मोजतात असा माणूस. २००६ च्या ब्रिज डेला, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी छत्री खूप उशिरा उघडली आणि तिथंच गेले. इव्हेंट ऑर्गनाइज्डच होता, बोटी पण होत्या.

पाण्याचं पण एक सांगायचंय. ब्रिज डेला खाली उतरायची जागा लहान आणि शेजारी वाहती नदी, त्यामुळं बरेच जण पाण्यात पडतात. आपली पोरं म्हणतात पंचगंगेत पोहलोय, विहिरीत मुटकं मारलीत, पाण्याची भीती कुणाला. पोहणं येतंय ते चांगलंच आहे, पण अंगाला हार्नेस, पायात बूट आणि भिजलेलं कापड दोऱ्यांसकट प्रवाहात तुम्हाला ओढतंय ही गोष्ट वेगळी. अंगावर तरंगायचं साधन घालून, पाण्यात हार्नेसमधनं बाहेर पडायचा सराव ट्रेनरबरोबर करूनच जायचं.

आणि कृपा करून पन्हाळा, गगनबावडा, आंबोलीकडं बघून प्लॅन करू नका. पन्हाळा संरक्षित किल्ला आहे हा एक भाग, पण नुसता खडक बघितला तरी कळंल, आपला सह्याद्री थराथराच्या बेसाल्टचा, पायऱ्यापायऱ्यांचा, कडा सरळ वाटतो आणि मध्येच टप्पा पुढं आलेला असतो, खाली उतार आणि झाडी. वारा तर बघायलाच नको, आंबोलीच्या कावळेसादला पावसाळ्यात धबधब्याचं पाणी उलटं वर येतं, तो वारा छत्रीचं काय करंल विचार करा.

ज्याला खरंच जायचंय त्यानं आधी स्कायडायव्हिंगचं लायसन्स काढायचं, हरियाणात नारनौलला ड्रॉप झोन म्हणजे विमानातनं उड्या मारायची जागा आहे, बाहेरच्या देशात पण करतात, खर्च मोठा आहे हे घरच्यांना सुरुवातीलाच सांगा. प्रत्येक उडी लॉगबुकात लिहा आणि सही घ्या, पुढं सगळीकडं तेच बघतात. इन्शुरन्सची पॉलिसी वाचा, असले खेळ बहुतेक पॉलिसीत वगळलेले असतात. अमेरिकेच्या व्हिसाच्या अपॉइंटमेंटला वेळ लागतो. रिग आपल्या इथल्या पावसाळ्यात ओल लागंल अशी कपाटात कोंबून ठेवू नका, नायलॉनला बुरशी नको आणि ऊन पण नको. आणि घरात एकदा आईवडिलांना समोर बसवून रिझर्व्ह नसते ही गोष्ट लपवल्याशिवाय सांगा, त्यांना रीलमधनं कळण्यापेक्षा तुमच्याकडनं कळलेलं बरं. इव्हेंटचा फॉर्म या सगळ्यानंतर, आणि तेव्हा सुद्धा पुलावर जाऊन वारा पटला नाही तर छत्री पाठीवर तशीच घेऊन चालत परत यायची तयारी पाहिजे, तिथं तसे परत येणारे असतात आणि त्यांना कुणी काही बोलत नाही.