प्लासिबो गटातली सुधारणा आणि प्लासिबोचा परिणाम

समजा, वाचताना अडखळणाऱ्या एका मुलाचं वाचन सुधारावं म्हणून त्याच्या पानावर निळी पारदर्शक पट्टी ठेवली. आधी ते मिनिटाला ६० शब्द वाचायचं, महिन्याभराने ७० वाचू लागलं. पट्टीवर विश्वास असणारे म्हणतील, ही रंगाची करामत. शंकेखोर म्हणतील, "छे, प्लासिबो!" घाई दोघंही करताहेत. शंकेखोरांची घाई मात्र खपून जाते, कारण ती ऐकायला शास्त्रीय वाटते.

गल्लत दोन गोष्टींची होते. प्लासिबो प्रतिसाद म्हणजे औषध नसलेली गोळी किंवा नुसता देखावा असलेला उपचार घेतल्यानंतर दिसलेली सगळी सुधारणा, मग ती कशामुळेही झालेली असो. प्लासिबो परिणाम म्हणजे त्यातला फक्त तो वाटा, जो उपचार मिळतोय या अपेक्षेमुळे, आधीच्या अनुभवामुळे, उपचार करणाऱ्याने दिलेल्या धीरामुळे घडला. एक गल्ल्यातली जमा, दुसरा निव्वळ नफा.

मग बाकीची जमा कुठून येते? वाचनाच्या बाबतीत तर ती चारही बाजूंनी येते. मुलाला तपासायला नेलं जातं ते परिस्थिती अगदी बिघडल्यावर. त्यानंतरचा आकडा सहसा थोडा वरच जातो, कारण टोकाची मोजमापं पुन्हा घेतली की सरासरीकडे सरकतात. दुसऱ्यांदा चाचणीची पद्धत माहीत असते, समोरची व्यक्ती परकी नसते, उतारा तोच असेल तर विचारायलाच नको. शिवाय मधल्या महिन्यात मूल शिकतही असतं! (उताऱ्याच्या अर्थावरून पुढचा शब्द ताडता येऊ नये म्हणून विल्किन्स यांच्या वाचनवेग चाचणीत तेच १५ सोपे शब्द क्रम बदलून पुन्हा पुन्हा येतात. सराव मात्र त्यानेही थांबत नाही.)

अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांनी १९५५ साली प्लासिबोने सुमारे ३५ टक्के रुग्णांना आराम पडतो असं मांडलं आणि तो आकडा पुढे कित्येक वर्षं फिरत राहिला. पण तो प्रतिसादाचा आकडा होता. परिणाम वेगळा काढायचा तर तिसरा गट लागतो: ज्यांना काहीच दिलं नाही असा.

हा तिसरा गट काय दाखवतो ते २०११ सालच्या दम्याच्या एका अभ्यासात लख्ख दिसतं. रुग्णांना आळीपाळीने खरा इनहेलर, खोटा इनहेलर, खोटं अॅक्युपंक्चर आणि काहीच नाही, असं मिळालं. खऱ्या औषधाने फुप्फुसांची क्षमता सुमारे २० टक्के वाढली. बाकी तिन्हींत, काहीच न देतासुद्धा, सुमारे ७ टक्के. म्हणजे मोजमापात खोट्या इनहेलरचा प्रतिसाद होता, परिणाम जवळजवळ शून्य. "किती बरं वाटतंय?" या प्रश्नाची उत्तरं मात्र वेगळी आली. खऱ्या आणि खोट्या उपचारांत सुधारणा साधारण सारखीच, ४५ ते ५० टक्के, आणि काहीच न दिल्यावर २१. मधलं हे अंतर खरा परिणाम.

म्हणून परिणाम नेहमी 'नुसता मनाचा' असतो असंही नाही. १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगात, प्लासिबोने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढलं. नॅलोक्सोन शरीरातल्या अफूसदृश वेदनाशामकांचं काम अडवतं; म्हणजे अपेक्षेने शरीराने स्वतःचंच औषध सोडलं होतं.

आता पुन्हा पट्टीकडे. २०११ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात वाचन कच्चं असलेल्या मुलांना त्यांच्यासाठी म्हणून सुचवलेल्या रंगाची पट्टी, भलत्याच रंगाची पट्टी आणि बिनरंगी पट्टी देऊन पाहिली. वाचनाच्या वेगात फायदा दिसला नाही. बिनरंगी पट्टी हा प्लासिबो जरा लंगडाच, कारण रंग नाही हे मुलाला दिसतंच. माझ्या मते भलता रंग ही खरी कसोटी.

तरीही एखादं मूल पट्टीखाली वाचून म्हणेल, "अक्षरं आता हलत नाहीत." ते खोटं बोलत नसेल. दम्याच्या रुग्णांनाही खोट्या इनहेलरने मोकळं वाटलंच होतं. पण ६० चे ७० झाले ते कशाने, याचं उत्तर त्याच्या त्या वाक्यात मिळणार नाही. त्यासाठी महिनाभर पट्टीशिवाय वाचणारी मुलं शेजारी बसवून मोजावी लागतात.