टॅपेटसाठी गाडी आदल्या रात्रीच का लावायची?

“भाऊ, टॅपेट करायचे असतील तर गाडी रात्रीच लावून जा.” नाशिकला द्वारकेच्या आसपास किंवा सातपूरच्या आतल्या गल्ल्यांत गॅरेजवर हे हमखास ऐकायला मिळतं. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, मिस्त्री टाळतोय. टाळत नसतो. टॅपेट करणं म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या (इनटेक) आणि धूर बाहेर सोडणाऱ्या (एक्झॉस्ट) झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, आणि त्यांना उघडणारे भाग यांच्यातली बारीक फट जुळवणं. इंजिन गरम असताना धातू फुगलेला असतो, त्यामुळे फिलर गेजच्या (फट मोजायच्या) पातळ पट्टीला तेव्हा सापडणारी फट खोटी. खरी फट थंड इंजिनातच कळते, आणि ती असते जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा, कुठे त्याहूनही कमी. ती संपली तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, नीट बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) जातं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कडेने जळतो. म्हणूनच टॅपेट थोडा वाजला तरी चालेल, घट्ट नको, असं जुने मिस्त्री सांगतात.

कुठलं इंजिन सोपं, हा वाद बहुधा सुटे भाग मोजून घातला जातो. माझ्या मते मोजायचं ते वेगळंच: त्या फटीपर्यंत पोचायला किती खोलावं लागतं?

अगदी सुरुवातीच्या इंजिनांत, फ्रान्सच्या द दियाँ-बुताँ कंपनीच्या काळात, इनटेकच्या व्हॉल्व्हला कॅमच, म्हणजे फिरता फिरता व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा उंचवटाच, नव्हता. पिस्टन खाली गेला की ओढीने तो आपोआप उघडायचा, हलकी स्प्रिंग त्याला बंद करायची. सोपं खरं, पण वेग वाढला की हे गणित कोलमडायचं. मग आले साइड व्हॉल्व्ह. दोन्ही व्हॉल्व्ह सिलेंडरच्या शेजारी उभे, कॅम लगेच त्यांच्याखाली, आणि हेड म्हणजे पातेल्यावरचं झाकण. बोल्ट काढा, झाकण उचला, काजळी खरवडा, परत बसवा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी सव्वा लाखाच्या आसपास बनलेली ५०० सीसीची बीएसए एम-२० मोटरसायकल याच जातीची. कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ४.९, ताकद १३ अश्वशक्ती. पेट्रोल कसलंही घाला, चालायची. मात्र जळणाची जागा बाजूला पसरलेली असल्याने कॉम्प्रेशन वाढवायला वावच नव्हता. साइड व्हॉल्व्ह मागे पडले ते याच कारणाने.

व्हॉल्व्ह डोक्यावर गेले आणि कॅम खालीच राहिला, तेव्हा मधे पुशरॉड, म्हणजे ढकलायच्या लांब काड्या, आले. आपल्याकडे ही रचना रुजवली बुलेटने. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षं तेच इंजिन चालत राहिलं. त्याचे टॅपेट करणं बघण्यासारखं असतं. उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलं की पुशरॉडची खालची टोकं समोर येतात. फिलर लागतच नाही. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये, एवढंच माप. टाकीला हात नाही, हेडला हात नाही.

टू-स्ट्रोकवाले या सगळ्याला हसायचे. राजदूत, जुनी येझदी यांना असा व्हॉल्व्हच नाही. सिलेंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो-झाकतो. १९८५च्या आरएक्स १००मध्ये फक्त रीड व्हॉल्व्ह, म्हणजे पातळ पट्ट्या. टॅपेट नाही, पण काजळीने भरलेला सायलेन्सर काढून भाजायचं काम होतंच. शेवटी त्यांना संपवलं ते मेंटेनन्सने नाही, धुराच्या कायद्यांनी.

त्याच १९८५ साली हीरो होंडा सीडी १०० आली, ९७.२ सीसीची, आणि कॅमही वर हेडमध्ये गेला. पुशरॉड गेले, कॅम फिरवणारी टायमिंग चेन आली. चेन ढिली पडते, ती ताणून धरणारा टेन्शनर दमतो, हा नवा खर्च. पण फटीपर्यंतची वाट फार सोपी झाली. हेडवरच्या दोन गोल कॅप उघडायच्या, मॅग्नेटवरची (इंजिनच्या फिरत्या चाकावरची) ‘टी’ खूण जुळवायची, पट्टी सरकवायची, स्क्रू धरून नट आवळायचा. गॅरेजवर नवा आलेला पोरगाही हे लवकर शिकतो. स्प्लेंडर निफाडपासून सुरगाण्यापर्यंत कुठेही दुरुस्त होते, त्यात या दोन कॅपचा मोठा वाटा आहे.

दोन कॅमची कथा जुनी आहे. प्युजोच्या रेसिंग कारमध्ये १९१२ सालीच दोन कॅम आणि सिलेंडरमागे चार व्हॉल्व्ह होते. १९७२च्या कावासाकी झेड-१ने दोन कॅम रस्त्यावरच्या मोठ्या बाइकमध्ये रूढ केले. इथे स्क्रू नाही. फट ठरते शिमने, म्हणजे नाण्यासारख्या छोट्या चकतीने. शिम एकदा बसली की पुष्कळ किलोमीटर हलत नाही. पण बदलायची वेळ आली की बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्टच उचलावा लागतो, टायमिंग परत जुळवावं लागतं, आणि हव्या त्या जाडीची चकती हाताशी असावी लागते. चाकणला बनणारी केटीएम २०० ड्यूक २०१२मध्ये आली आणि दोन कॅमचं हेड कॉलेजच्या पोरांच्या हाती पडलं. काम कमी वेळा, पण कोणाही मिस्त्रीचं नाही.

डुकाटीची डेस्मो ही व्हॉल्व्हची रचना तर आणखी पुढे. त्यांचा इंजिनिअर फाबिओ ताल्योनीने १९५६मध्ये ती रेसमध्ये उतरवली. व्हॉल्व्ह बंद करायलाही स्प्रिंगऐवजी रॉकर (टेकूवर डुलणारी दांडी), म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन फटी. २०२०मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही-४साठी डुकाटीनेच स्प्रिंगवर परत येऊन व्हॉल्व्ह तपासणी ६०,००० किलोमीटरवर नेली.

फटच नको, हा हायड्रॉलिक टॅपेटचा मार्ग. हार्लेने तो १९४८मध्ये धरला, रॉयल एनफिल्डने २००८च्या सुमारास यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) इंजिनात. तेलाच्या दाबाने फट आपोआप भरते. आवाज आला तर आधी तेल बघायचं. बुलेटवाल्यांना टॅपेटचा विसर पडू लागला होता. मग २०२०च्या मीटिअर ३५०मध्ये कॅम डोक्यावर गेला आणि स्क्रू-नट परत आले. आता तेही आदल्या रात्री गाडी लावून जातात.