एच-निर्देशांक : जैववैद्यक संशोधकाचे मोजमाप

एखाद्या संशोधकाने किती लिहिले आणि ते इतरांच्या किती उपयोगी पडले, या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बसवणारे मोजमाप म्हणजे एच-निर्देशांक. संशोधक रोजच्या बोलण्यात त्याला ‘एच-इंडेक्स’च म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. आज वैद्यक व जीवशास्त्रातल्या नेमणुका, बढत्या आणि अनुदाने यांच्या चर्चेत तो हटकून निघतो.

मोजणी सोपी आहे. संशोधकाचे सगळे शोधनिबंध उद्धरणांच्या उतरत्या क्रमाने लावायचे. ज्या शेवटच्या क्रमांकाच्या निबंधाला निदान त्या क्रमांकाइतकी उद्धरणे आहेत, तो क्रमांक म्हणजे निर्देशांक. नंतरच्या निबंधाच्या संदर्भसूचीत आधीचा निबंध आला, की त्याचे एक उद्धरण झाले. समजा, सहा निबंधांना ४८, ३३, ९, ६, ५ आणि २ अशी उद्धरणे आहेत. पाचव्याला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणून निर्देशांक ५. उद्या पहिल्याची ४८ ची ४,८०० झाली, तरी तो ५ च राहतो. एकाच गाजलेल्या निबंधावर कुणी तरून जाऊ नये, हा त्यातला फायदा. ज्याच्या नावावर एकच पण फार मोठा शोध आहे, त्याच्यावर मात्र अन्याय होतो. तो दूर करायला लिओ एग्हे यांनी २००६ मध्ये गाजलेल्या निबंधांची जादा उद्धरणेही जमेस धरणारा जी-निर्देशांक सुचवला. गूगल स्कॉलर या शोधनिबंध धुंडाळण्याच्या सेवेचा आय-१० निर्देशांक आणखी ढोबळ आहे : किमान दहा उद्धरणे मिळालेले निबंध नुसते मोजायचे. वरच्या उदाहरणात तो २ येतो.

उद्धरणे मोजण्याची कल्पना हिर्श यांच्या बरीच आधीची. न्यायनिवाड्यांत जुने निकाल कुठे कुठे आधाराला घेतले गेले, याच्या सूच्या अमेरिकन वकील वापरत. त्यावरून यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी तशी सूची सुचवली. हेतू गुणपत्रिका काढण्याचा नव्हता, साहित्य शोधण्याचा होता.

विषय बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो. हिर्श यांच्या मूळ लेखातच भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटन यांचा निर्देशांक ११०, तर मेंदूतील रसायनांवर काम करणारे सॉलोमन स्नायडर यांचा १९१ दिला आहे. यावरून दोघांत थोर कोण ते ठरत नाही. जैववैद्यकात माणसे जास्त, निबंध जास्त आणि संदर्भसूच्याही लांब. शिवाय स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर या निबंधसूच्यांवर एकाच व्यक्तीचे तीन वेगळे आकडे दिसतात, कारण कोणते लेखन धरायचे हे प्रत्येकाचे वेगळे. नामसारखेपणाचा घोळ वेगळाच. त्यावर उपाय म्हणून २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक मिळू लागला.

जैववैद्यकात लेखकांच्या क्रमाला वजन असते. पहिले नाव सहसा प्रत्यक्ष काम केलेल्याचे, शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे. निर्देशांकाला हे दिसत नाही. शेकडो लेखकांच्या औषधचाचणीत मधल्या कुठल्यातरी ओळीत नाव असले, तरी श्रेय पूर्ण मिळते.

उद्धरण नेमके काय मोजते, हे कळायला ऑलिव्हर लाउरी यांचे उदाहरण पुरे. नमुन्यातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची त्यांची रीत १९५१ मध्ये छापली गेली आणि त्या निबंधाची उद्धरणे तीन लाखांवर गेली. तो काही महान निबंध नव्हे, असे लाउरी स्वतःच म्हणत. प्रयोगशाळेत प्रथिने मोजली की तो संदर्भ द्यायचा, एवढाच रिवाज. उलट डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा निबंध ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने २०१४ मध्ये काढलेल्या सर्वाधिक उद्धृत शंभरांत नव्हता. जे पाठ्यपुस्तकात गेले, त्याचा मूळ संदर्भ कोण देत बसतो?

टीकेसाठी दिलेला संदर्भही बेरजेत तसाच मिळतो. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यक-नियतकालिकातला निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, त्याला भरपूर उद्धरणे आहेत आणि त्यांतली कित्येक तो खोडून काढणारी. स्वतःचेच निबंध पुनःपुन्हा उद्धृत करून आकडा फुगवणे हा जुना धंदा.

निर्देशांक सहसा घटत नाही. निवृत्तीनंतरही चढत राहतो. त्यामुळे तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी तुलना फोल ठरते. ही विषयाची व काळाची तफावत कमी करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सापेक्ष उद्धरण गुणोत्तर तयार झाले. निबंधाच्या क्षेत्रातील, त्या संस्थेच्या अनुदानावर झालेल्या निबंधांपैकी क्रमवारीत बरोबर मध्यावर येणाऱ्या निबंधाइतकी वार्षिक उद्धरणे मिळाली, तर ते १ येते. त्याच संस्थेने २०१५ मध्ये अर्जदाराच्या परिचयपत्राचा साचा बदलला : आपली जास्तीत जास्त पाच योगदाने शब्दांत सांगायची आणि प्रत्येकासोबत चारपर्यंत निबंध जोडायचे.