अर्ली डिसिजन आणि फीच्या मदतीचा गुंता : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजांत बारावीनंतर जायचं ठरवलेल्या मुलांच्या घरी ऑक्टोबरअखेर एक वाद हमखास रंगतो. 1 नोव्हेंबरच्या सुमारास ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज भरून टाकायचा, की जानेवारीच्या नेहमीच्या फेरीपर्यंत थांबायचं? अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला शब्द देणं. डिसेंबरच्या मध्यात होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. तसं लिहून द्यावं लागतं आणि त्यावर विद्यार्थी, पालक व शाळेचा कौन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. पूर्ण फी भरू शकणाऱ्या घरात प्रश्न एवढाच असतो, की हे कॉलेज मुलीला मनापासून हवंय का. ज्या घराला मदत लागणार आहे, तिथे सही आधी करायची आणि मदतीचा आकडा नंतर कळायचा, असा उलटा क्रम असतो.

हा क्रम कसा पडला हे समजायला 1950च्या दशकात जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अर्जांचा ओघ वाढला आणि एकच विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करू लागला. होकार दिलेल्यांपैकी प्रत्यक्षात येणार किती, याचा अंदाज कॉलेजांना लागेना. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांनी मोजक्या खासगी शाळांमधल्या मुलांना आधीच ए, बी, सी अशा श्रेणी कळवायला सुरुवात केली. ए म्हणजे प्रवेश जवळजवळ पक्का. त्या शाळांबाहेरच्या मुलांना ही सोय नव्हती. याच दशकाच्या अखेरीस काही कॉलेजांनी अर्ली डिसिजनची रीतसर योजना सुरू केली.

त्याच काळात दुसरी अडचण उभी राहिली. हुशार मुलं ओढण्यासाठी कॉलेजं शिष्यवृत्तीची बोली वाढवत होती आणि ज्याला गरज नाही त्यालाही पैसे जात होते. 1954 साली कॉलेज बोर्डाने, म्हणजे एसएटी ही प्रवेशपरीक्षा चालवणाऱ्या संस्थेने, कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस सुरू केली. कुटुंबाची ऐपत सूत्राने मोजायची आणि खर्चातून ती वजा करून उरलेली गरज भागवायची, हा विचार हार्वर्डचे जॉन मन्रो यांनी आधीपासून पुढे रेटला होता. कॉलेजकडे मदत मागताना भरायच्या आजच्या सीएसएस प्रोफाइल या फॉर्मचं मूळ तिथे आहे.

मग 1958 साली ‘ओव्हरलॅप ग्रुप’ जमला. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन धरून आठ नामवंत खासगी विद्यापीठांचा गट) कॉलेजं आणि एमआयटी यांचे अधिकारी दर वसंतात एकत्र बसत, एकाहून जास्त ठिकाणी निवड झालेल्या मुलांची नावं समोर ठेवत आणि त्या घराने किती रक्कम भरायची यावर एकमत करत. मुलगा कुठेही गेला तरी घरच्यांच्या खिशातून जवळपास तेवढेच पैसे जायचे. या व्यवस्थेत निदान या कॉलेजांपुरतं, एकालाच आधी शब्द दिल्याने गरजू मुलाचं पैशाचं फारसं नुकसान होत नव्हतं. ऑफर ताडून पाहण्यासारखं काही उरतच नव्हतं. या गुंत्याच्या इतिहासात मला हा दुवा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो.

अमेरिकेच्या न्याय खात्याला यात दर ठरवण्याचं संगनमत दिसलं. 1991 मध्ये खटला झाला. आयव्ही कॉलेजांनी तडजोड करून या बैठका बंद केल्या. एमआयटी एकटी लढली. 1993 मध्ये अपील न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं आणि वर्षअखेर समझोता झाला. 1994च्या कायद्यातल्या कलम 568 ने, ऐपत न बघता प्रवेश देणाऱ्या कॉलेजांना समान सूत्र ठरवायची मुभा दिली. एकेका विद्यार्थ्याची रक्कम मात्र आपसात ठरवता येणार नव्हती. म्हणजे आता दोन कॉलेजांच्या ऑफरमध्ये हजारो डॉलरचा फरक पडू शकत होता. ऑफर समोरासमोर ठेवून पाहणं गरजू घरासाठी पहिल्यांदाच इतकं मोलाचं झालं.

आणि नेमक्या त्याच सुमारास शब्दात अडकवणाऱ्या अर्जांची लाट आली. 1990च्या दशकाच्या मध्यात प्रिन्स्टन, येल आणि स्टॅनफर्ड यांनी अर्ली डिसिजन स्वीकारलं. रँकिंगचा दबाव होताच: होकार दिलेल्यांपैकी किती जण आले, हा आकडा यू.एस. न्यूज या नियतकालिकाच्या कॉलेजांच्या क्रमवारीत 2003 पर्यंत मोजला जात होता. ख्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांच्या संशोधनातून दिसलं, की लवकर अर्ज करण्याचा फायदा एसएटीच्या सुमारे 100 गुणांइतका होता. तो फायदा ज्यांना ऑफर ताडून बघायची गरज नाही त्यांच्याच पदरात जास्त पडणार, हे उघड होतं.

विरोध आतूनच सुरू झाला. 2002 मध्ये येल आणि स्टॅनफर्ड यांनी शब्दाची अट काढली. लवकर अर्ज एकाच ठिकाणी करायचा, पण उत्तर 1 मेपर्यंत द्यायचं, अशी पद्धत त्यांनी आणली. 2006 मध्ये हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने लवकर प्रवेशाची फेरीच रद्द केली आणि कारण स्पष्ट सांगितलं: ही पद्धत आधीच पुढे असलेल्यांना आणखी पुढे नेते. बाकीच्या बड्या कॉलेजांनी मात्र त्यांची री ओढली नाही. 2011 मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन परतले, तेही शब्दाच्या अटीशिवाय. धाडसाचा निर्णय पाच वर्षांत मागे घ्यावा लागला, याचं आजही वाईट वाटतं.

कागदपत्रांचं वेळापत्रक तर कित्येक वर्षं साफ विसंगत होतं. सरकारी मदतीचा फाफ्सा हा फॉर्म 1 जानेवारीला खुला व्हायचा, तर अर्ली डिसिजनचा निकाल डिसेंबरातच लागायचा. ऑक्टोबर 2016 पासून जुन्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नवर तो तीन महिने आधी भरता येऊ लागला. 2011 पासून प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर खर्चाचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर ठेवणं बंधनकारक झालं.

पुण्या-नाशिकच्या अर्जदाराला यातलं थोडंच लागू पडतं. फाफ्सा भारतीय नागरिकांसाठी नाही आणि तो कॅल्क्युलेटरही बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या कुटुंबांचा हिशेब धरून केलेला आहे. हाती राहतो सीएसएस प्रोफाइल. वडिलांचा फॉर्म 16, आईच्या क्लासचं उत्पन्न, गावच्या जमिनीतला हिस्सा, भावाची फी, हे सगळं परक्या रकान्यांत बसवायचं. सातबाऱ्यावर पाच नावं असली तर त्यातली आपली किंमत किती लिहायची, यावर घरात दोन संध्याकाळी सहज जातात. राज्य आणि केंद्र सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या प्रामुख्याने पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी असल्याने, पदवीसाठी मुख्य भिस्त कॉलेजच्या तिजोरीवरच.

त्यात बहुतेक कॉलेजं परदेशी अर्जदाराची ऐपत बघूनच प्रवेश ठरवतात आणि अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर अनेक ठिकाणी पुढे मागता येत नाही. ऐपत न बघणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांची लवकरची फेरी शब्दात अडकवत नाही. ॲमहर्स्ट, डार्टमथ, ब्राऊन आणि बोडिन परदेशी मुलांचीही ऐपत बघत नाहीत, पण त्यांचं अर्ली डिसिजन बंधनकारक आहे. करारात एक सुटकेची वाट असते: मिळालेल्या मदतीत शिकणं परवडणारच नसेल तर नकार देता येतो. मात्र तोपर्यंत तुलनेला दुसरी ऑफर हातात नसते, आणि जानेवारीच्या अर्जांना जेमतेम दोन आठवडे उरलेले असतात.

कलम 568ची मुदत सप्टेंबर 2022 मध्ये संपली, म्हणजे समान सूत्र ठरवायची ती मुभाही गेली. ऑगस्ट 2025 मध्ये काही विद्यार्थ्यांनी अर्ली डिसिजनलाच न्यायालयात आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, या पद्धतीमुळे कॉलेजांमधली स्पर्धा संपते आणि शिक्षण महाग राहतं. 1991 मध्ये सरकारने जो मक्तेदारीविरोधी कायदा वापरला होता, त्याचाच आधार या दाव्याने घेतला आहे.