पीएसए तपासणीसाठी येण्याआधी

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. ते रक्तात किती आहे, हे या तपासणीत मोजतात. आमच्या लॅबच्या काउंटरवर साखर, कोलेस्टेरॉल मोठ्याने सांगितलं जातं आणि "ते प्रोस्टेटचं पण" हळूच. संकोच वाटत असेल तर नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करा, तेवढं पुरे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते, नळी आवळली जाते. मग रात्री दोन-तीनदा उठणं, बारीक धार, शेवटी थेंब थेंब. बहुतेकदा ही साधी वाढ असते. कॅन्सर मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून दूर सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. लघवीतून रक्त जात असेल किंवा लघवी तुंबली असेल, तर आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जा.

सँपल देण्याआधी

उपाशी राहायची गरज नाही. आधीचे दोन दिवस सायकल, जोराचा व्यायाम आणि संभोग टाळा. या सगळ्यांनी आकडा थोडा चढू शकतो. लघवीला जळजळ असेल तर आधी उपचार घ्या आणि बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा. कॅथेटर घातला असेल किंवा बायोप्सी (तपासणीसाठी ग्रंथीचा छोटा तुकडा काढणं) झाली असेल तरी तेवढंच थांबायचं.

प्रोस्टेटची वाढ कमी करणाऱ्या फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड या गोळ्या चालू असतील तर जरूर सांगा. या गोळ्या काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात, म्हणजे रिपोर्टवरचा 3 खरं तर 6 असू शकतो. केस गळतात म्हणून फिनास्टराइड घेणारे हे हमखास विसरतात. त्यांना ते औषधच वाटत नाही!

करावी की नाही?

तपासणी करणं हा आमचा धंदा, तरी सांगतो: पॅकेजमध्ये आहे म्हणून करू नका. पन्नाशीला आलात की डॉक्टरांशी बोला. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर पंचेचाळिशीतच. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने 2018 मध्ये 55 ते 69 वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, असं म्हटलं. सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको, असंही. कारण यातले बरेच कॅन्सर अतिशय हळू वाढतात आणि उपचारांनी लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. पीएसएमुळे सापडलेल्या, ग्रंथीपुरत्या मर्यादित कॅन्सरच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला. 2023 मधले त्याचे निष्कर्ष असे: पंधरा वर्षांनंतर शंभरातले सुमारे तीनच जण या आजाराने दगावले होते, मग शस्त्रक्रिया झालेली असो, रेडिएशन असो की नुसती देखरेख.

आकडा जास्त आला तर

4 नॅनोग्रॅमच्या वरचा आकडा ठळक छापला जातो आणि लगेच प्रश्न येतो, "कॅन्सर आहे का?" याचं उत्तर त्या आकड्यात नसतं. पीएसए वाढलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो आणि आकडा कमी असूनही तो असू शकतो. साधारणपणे काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा होते, मग डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी, एमआरआय, गरज वाटली तरच बायोप्सी. दुसरी तपासणी पहिली जिथे केली तिथेच करा, मग ती आमची लॅब नसली तरी चालेल. मशीन बदललं की आकडाही थोडा हलतो. आणि जुने रिपोर्ट टाकून देऊ नका, दोन-तीन वर्षांचा चढउतार डॉक्टरांना एका आकड्याहून जास्त सांगतो.